पायडलास जोडलेला पाय

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात पिपरी मेघे येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाहातील अनाठायी खर्च, वसतिगृहाचा निधी अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांनी आपणांस मार्गदर्शन केले आहे. त्या मानाने सायकलीच्या पायडलावर भाषण करणे कित्येकांस पोरकट वाटेल. तरीही हा विषय आम्ही हट्टाने घेतला, कारण तो आपल्याच एका घरात वादाचा झाला आहे, आणि उद्या आणखी चार घरांत होणार आहे.

प्रसंग असा. आपल्या समाजातील एक कन्या महाविद्यालयात शिकते. तिने दोनशे किलोमीटरच्या सायकलप्रवासास नाव देण्याचे ठरविले आहे. हा प्रवास म्हणजे शर्यत नव्हे. फ्रान्समधून आलेल्या या पद्धतीस ‘ब्रेव्हे’ म्हणतात. तीत पहिला, दुसरा असा क्रमांक नसतो. ठरलेल्या वेळेत पल्ला पुरा करावयाचा इतकेच. दोनशे किलोमीटरांस साडेतेरा तास, तीनशेस वीस, चारशेस सत्तावीस आणि सहाशेस चाळीस. कन्येच्या सोबत्यांनी तिला सांगितले की, लांबच्या पल्ल्यास ‘क्लिपलेस’ पायडले घे. बुटाच्या तळव्यास एक पट्टी असते, ती पायडलात अडकते आणि पाय जागचा हलत नाही. हे ऐकून तिच्या मातोश्री आमच्याकडे आल्या. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा होता : “पाय बांधून सायकलीवर बसायचं, आणि समोरून ट्रक आला म्हणजे उतरायचं कसं?”

प्रश्न रास्त आहे. तो हसण्यावारी नेणाऱ्या तरुण मंडळींस आमचे सांगणे असे की, ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही त्याने ती पायडले अजून लावू नयेत. या भाषणात आम्ही मातोश्रींस उत्तर देणार आहोत. मात्र ते सर्वस्वी कन्येच्या बाजूचे असेल असे कोणी समजू नये.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. पाय पायडलावरून घसरू नये ही सायकलस्वाराची जुनी गरज आहे. तिच्यासाठी फार वर्षे पायडलाच्या पुढे लोखंडी पिंजऱ्यासारखी क्लिप आणि तीवरून चामड्याचा पट्टा असा साज होता. शर्यतीतला स्वार पट्टा आवळून घेई. थांबताना खाली वाकून हाताने तो सैल करावा लागे. ज्यास ‘पाय बांधणे’ म्हणावे ते खरे हेच. पट्ट्यावाचून बूटच पायडलात अडकवावा ही कल्पनाही नवी नाही. अमेरिकेत १८९५ सालीच अशी एक युक्ती निघाली होती. १९७१ साली इटलीतील चिनेली कंपनीने असे पायडल बाजारात आणले, परंतु त्यातून पाय सोडविण्यास हाताने खटका ओढावा लागे, तेव्हा त्याची भीती लोकांच्या मनातून गेली नाही. पुढे १९८४ साली फ्रान्समधील लूक या कंपनीने हा प्रश्न सोडविला. ही कंपनी बर्फावरून घसरत जाण्याच्या पट्ट्यांना बूट जोडणारे साहित्य बनवीत असे. पडणाऱ्या माणसाचा पाय मुरगळला की बूट आपोआप सुटावा ही युक्ती तिला अवगत होती. तीच तिने पायडलास लावली. दुसऱ्याच वर्षी, १९८५ साली, बर्नार इनो याने हीच पायडले वापरून फ्रान्सची सुप्रसिद्ध शर्यत पाचव्यांदा जिंकली आणि शंकेखोरांची तोंडे बंद झाली. १९९० साली जपानच्या शिमानो कंपनीने लहान, तळव्याच्या खाचेत दडून राहणारी पट्टी काढली. तिच्यामुळे बूट घालून चार पावले चालता येऊ लागले.

येथे नावाचा घोटाळा सांगून टाकतो, कारण नवशिक्यांचा पहिला गोंधळ येथेच होतो. जुनी पिंजऱ्याची क्लिप गेली म्हणून हे पायडल ‘क्लिपलेस’, म्हणजे बिनक्लिपचे. परंतु त्यात बूट बसविण्यास मात्र सारे ‘क्लिप करणे’ असेच म्हणतात. ज्याचे नाव बिनक्लिपचे त्यातच क्लिप करावयाचे! भाषेने केलेल्या या थट्टेस उपाय नाही.

आता मुख्य मुद्दा. बूट पायडलात बसविणे सोपे आहे. पुढचा भाग खाचेत घालावा, टाचेने दाबावे, ‘टक्’ असा आवाज येतो. पोर पाच मिनिटांत शिकते. सोडविणेही कागदावर तितकेच सोपे आहे : टाच बाहेरच्या बाजूस फिरवावी, पाय मोकळा. यात हात लागत नाही, वाकावे लागत नाही, बळही लागत नाही. मग लोक पडतात का?

लोक पडतात ते आपल्या पायाला वीस-तीस वर्षांची दुसरी सवय असते म्हणून. थांबावयाचे झाले की आपला पाय सरळ वर उचलला जातो आणि बाजूला जमिनीवर टेकतो. ही क्रिया मेंदूस विचारून होत नाही. नव्या पायडलात पाय वर उचलला तर तो निघत नाही. निघतो तो फक्त टाच फिरविल्याने. तेव्हा सायकल थांबते, पाय वर ओढला जातो, तो येत नाही, आणि ‘टाच’ हा शब्द आठवेपर्यंत स्वार सायकलीसकट, झाड कोसळावे तसा, सावकाश एका कुशीवर येतो. वेगात असताना असे सहसा होत नाही. चाक फिरत असते तोवर तोल सांभाळलेला असतो. पडणे होते ते उभ्या सायकलीवर. चौकात, टपरीपुढे, आणि बहुधा चारचौघांदेखत.

म्हणून या विद्येत एकच नियम सर्वांच्या वरचा आहे : ब्रेक दाबण्याच्या अगोदर टाच फिरवावी. थांबल्यावर पाय काढावयाचा नसून पाय काढून मग थांबावयाचे. थांबावेसे वाटणे आणि थांबणे यांत आजवर जे अंतर आपण ठेवीत नव्हतो ते दहा-पंधरा हातांचे अंतर आता ठेवावे लागते. पुढे रिक्षा उभी राहील, बैल आडवा येईल, फाटक पडेल, हे थोडे आधी ओळखणे हाच त्याचा अभ्यास आहे. संशय आला की पाय मोकळा करावा. संशय खोटा ठरला तर पुन्हा अडकवावा. दिवसातून शंभर वेळा व्यर्थ काढलेला पाय एका वेळी न काढलेल्या पायाहून स्वस्त पडतो.

कोणता पाय काढावा, हेही येथे सांगणे अवश्य आहे. कारण परदेशी पुस्तकांतून पुष्कळदा उजवा पाय सांगितलेला असतो. तेथील कित्येक देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात. आपण डावीकडून जातो. तेव्हा डावा पाय काढून डावीकडे, म्हणजे वाहनांपासून दूर झुकावे. शिवाय साखळी उजवीकडे असते. त्या अंगावर पडल्यास गिअरचा हात वाकतो आणि विजारीस काळे लागते ते निराळेच. परंतु आपल्या भागात एक अडचण आहे. डांबराची कड पुष्कळ ठिकाणी शेजारच्या मातीपेक्षा वीतभर उंच असते. डावा पाय खाली टाकला तर जमीन असावी तेथे नसते. यास्तव कडेला अगदी लागून थांबू नये. हातभर आत, पाय डांबरावरच टेकेल असे थांबावे.

पिपरी मेघे आता वर्धा शहरास लागून असल्यामुळे येथे रहदारी शहराची आणि जनावरे खेड्याची, असा दुहेरी लाभ आहे. येथील मैदानावर आम्ही काही मंडळींनी ही विद्या जशी घोटली तशी सांगतो. पहिला दिवस चाक न हलविता गेला. सायकल भिंतीस टेकवावी, एक हात भिंतीवर ठेवावा, आणि डावा पाय पन्नास वेळा अडकवावा व सोडवावा. मग उजवा पन्नास वेळा. पायडलाच्या मागे स्प्रिंगचा ताण कमीजास्त करणारा स्क्रू असतो. तो नवशिक्याने पार सैल ठेवावा. नव्या पायडलात तो पार सैल असेलच असे नाही. दुकानदार तो सैल करून देतोच असे नाही. दुसरे दिवशी गवतावर, फक्त डावा पाय अडकवून, उजवा मोकळा ठेवून फेऱ्या. तिसरे दिवशी उलट. दोन्ही पाय एकदम अडकविण्याची घाई चौथ्या दिवसापूर्वी करू नये. त्यानंतर आम्ही एक खेळ ठरविला : मैदानात उभा असलेला माणूस कोणत्याही क्षणी हात वर करील, आणि स्वाराने डावा पाय काढून थांबावे. या खेळात जितके पडावयाचे तितके पडणे होऊन गेले, आणि ते गवतावर झाले.

कन्येच्या वडिलांनी परवानगी दिली आहे, पण अट घातली आहे की, एकदाही पडता कामा नये. त्यांस आम्ही नम्रपणे कळविले की, अशी अट घालून ही विद्या शिकविता येणार नाही. पडणे हिशेबात धरूनच आरंभ करावा लागतो. कोठे पडावे एवढेच आपल्या हाती आहे. आपण सारे तरी दुसरे काय करून शिकलो? आपल्या पिढीतील कित्येकांनी तासाच्या भाड्याने मोठ्या माणसाची सायकल आणली, दांडीखालून एक पाय पलीकडे घालून कैची मारली, गुडघे फोडून घेतले, आणि घरी येताना चेन उतरली होती असे सांगितले. कोणी काका कॅरिअर धरून मागे धावत असे व न सांगता सोडून देत असे. त्या काळी लग्नात जावयास सायकल, घड्याळ आणि रेडिओ मागण्याची चाल होती. याच समाजात मुलीच्या बापाने कर्ज काढून घेतलेल्या सायकलीवर जावई बसला आणि मुलगी कॅरिअरवर. आज मुलगी स्वतःच्या सायकलीचे पायडल निवडीत आहे. त्यावर वाद होतो याचे आम्हांस वाईट वाटत नाही. तिला न विचारता होऊ नये इतकेच.

आता या पायडलांपासून लाभ किती? येथे विक्रेते आणि अर्धवट जाणकार फार अतिशयोक्ती करतात. पाय खाली दाबता तसाच वरही ओढता येतो, म्हणून जोर दुप्पट, असे सांगतात. प्रयोगांत तसे आढळलेले नाही. एका चालीने सायकल चालविताना मुद्दाम पाय वर ओढल्यास श्रम उलट वाढतात, असेच दिसून आले आहे. उभ्या चढावर किंवा शेवटच्या जोरकस धावेत थोडा उपयोग होतो. खरा लाभ निराळाच आहे. चवड्याची जागा पायडलावर कायम राहते. आठव्या-दहाव्या तासाला थकलेला पाय घसरत नाही. पावसात ओल्या तळव्याची भीती राहत नाही. खडबडीत रस्त्यावर पाय उडत नाही. ज्याला दूधडेअरीपर्यंत किंवा आठवडी बाजारास जावयाचे आहे त्यास यांतील एकही लाभ नको. त्याने साधे पायडल ठेवावे आणि चप्पल घालून सुखाने जावे. १९२३ साली मुंबईहून निघालेल्या तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तिघे सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ साली परत आले. त्या वेळी असली पायडले बाजारात नव्हतीच.

परंतु काळ बदलला, स्पर्धेची जातही बदलली, हेही खरे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या गटात अमेरिकेची आडवी शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांची मुदत संपण्यापूर्वी संपविली. पल्ला सुमारे पाच हजार किलोमीटरांचा. रात्रंदिवस असा प्रवास करणाऱ्याच्या पायास पायडल शोधीत बसण्याची मुभा नसते. आणि इतके दूर कशाला जावे? सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षकपद सांभाळलेले डॉ. एस. पी. कलंत्री हे लांब पल्ल्याची सायकल चालविणारे म्हणून वर्ध्यास ठाऊक आहेत. रोग्यांस व्यायाम सांगणारे पुष्कळ; स्वतः पहाटे रस्त्यावर दिसणारा वैद्य विरळा.

गुडघ्यांविषयी एक सूचना. पाय पायडलास जोडला म्हणजे तो एकाच कोनात हजारो वेळा फिरतो. बुटाखालची पट्टी तिरकी बसविली असेल तर दोष पट्टीचा आणि शिक्षा गुडघ्यास, असा न्याय होतो. पट्टी साधारणतः चवड्याच्या उंचवट्याखाली यावी आणि खुर्चीवर बसून पाय लोंबते सोडल्यावर पाऊल नैसर्गिकपणे जसे बाहेर किंवा आत वळते तसेच तिने वळू द्यावे. काही पट्ट्या पावलास थोडे इकडेतिकडे हलू देतात, काही मुळीच हलू देत नाहीत. हा फरक रंगावरून कळतो. नवशिक्याने हलू देणारी पट्टी घ्यावी. गुडघा दुखू लागल्यास सहन करीत बसू नये.

आणखी दोन गोष्टी आपल्या मातीच्या. पावसाळ्यात आपली काळी कापसाची जमीन बुटास अशी चिकटते की खाच भरून जाते. मग पाय अडकत नाही, आणि अर्धवट अडकला तर सुटतानाही कुरकुरतो. शेतरस्त्यावर उतरलेल्या माणसाने पुन्हा बसण्यापूर्वी काडीने खाच कोरून काढावी. मोठ्या प्लास्टिकच्या पट्टीचे बूट घालून चहाच्या टपरीच्या गुळगुळीत फरशीवर चालणे हे सायकल चालविण्याहून धोक्याचे आहे. दोन बोल्टांची लहान पट्टीच आपल्याकडे बरी. दुसरी गोष्ट कुत्र्यांची. मागे कुत्रे लागले की आपण दोन्ही पाय वर घेतो. आता ते होणार नाही. तेव्हा वेग कमी करावा, टाच फिरवून एक पाय मोकळा करावा आणि कुत्र्यास करड्या आवाजात बोलावे. बहुतेक कुत्र्यांस पळणारी वस्तूच हवी असते. थांबणाऱ्या वस्तूचे काय करावे हे त्यांस समजत नाही.

आता मातोश्रींच्या ट्रकाकडे येतो. सायकल पडली आणि अंग एका बाजूस गेले की पाऊल वळते आणि बूट बहुधा आपोआप सुटतो. स्प्रिंग सैल असेल तर अधिक खात्रीने. ‘बहुधा’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. त्यापुढे जाऊन कोणी हमी देऊ नये. परंतु वर्धा ते नागपूर रस्त्यावर, सेलू, केळझर, बुटीबोरी या वाटेने पहाटे अंधारात निघणाऱ्या मुलीस ट्रकापासून खरे भय पायडलाचे नाही. ते आहे मागे लाल दिवा नसण्याचे, अंगावर चमकणारा पट्टा नसण्याचे, डोक्यावर हेल्मेट नसण्याचे आणि उलट दिशेने येणाऱ्या वाहनांचे. म्हणून खर्चाचा क्रम आमच्या मते असा : आधी हेल्मेट, मग पुढचा आणि मागचा दिवा, मग चांगले टायर, आणि शेवटी पायडले. ज्या घरात पैसे पायडलांपुरतेच आहेत त्या घराने दिवे घ्यावेत.

कन्येस आमचा सल्ला तिला रुचणार नाही. प्रवासास तीन आठवडे उरले आहेत. इतक्या अवधीत टाच फिरविण्याची सवय मैदानात लागेल. पण दीडशे किलोमीटरांनंतर, डोके शिणले असता, एखाद्या गावच्या गतिरोधकावर म्हैस आडवी आली म्हणजे ती सवय टिकेल असे आम्ही म्हणू शकत नाही. पहिले दोनशे तिने साध्या पायडलांवर, जाड तळव्याच्या बुटांनी करावेत. नवी पायडले आतापासून मैदानात शिकावीत, मग पवनारपर्यंत धाम नदीच्या काठी जाऊन यावे, मग सेवाग्राम, आणि हिवाळ्यातील तीनशेस ती लावावीत. उतारवयातील मंडळींपैकी ज्यांची हाडे ठिसूळ झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे त्यांनी मात्र हा नाद करू नये. उभ्या सायकलीवरून कुशीवर पडणे तरुणास खरचटणे असते. त्या वयात मांडीचे हाड खुब्यापाशी मोडते.

मंडळाकडून आम्ही फार मागत नाही. एका बाजूने साधे आणि दुसऱ्या बाजूने खाचेचे असे दुहेरी पायडल मिळते. त्याची एक जोडी मंडळाच्या जुन्या सायकलीस लावून द्यावी. अडचण बुटांची आहे, कारण ते मापाप्रमाणे लागतात आणि एकाचे दुसऱ्यास सहसा होत नाहीत. ज्यांच्या चिरंजीवांनी हौसेने असे बूट घेतले आणि दोनदा पडून माळ्यावर टाकले, त्यांनी ते कार्यवाहांकडे द्यावेत. मापाची नोंद ठेवली जाईल.

येत्या रविवारपासून पहाटे साडेपाच वाजता, ऊन चढण्यापूर्वी, मैदानावर आरंभ होईल. गुडघे झाकणारी जुनी विजार, हातमोजे आणि पाणी आणावे. मैदानाच्या ज्या कडेस बाभळी आहेत तिकडे चाक नेऊ नये. पहिल्या दिवशी भिंत पुरणार नाही, तेव्हा प्रत्येकाने सायकल धरावयास घरचे एक माणूस सोबत आणावे. कन्येच्या मातोश्रींनी येण्याचे कबूल केले आहे.